कर्मचारी क्रमांक सात

डॉ. वैजयंती कडेगावकरांनी पूनम मगदूमला ओळखलं नाही.

"ये गं, बस. साडेनऊला माझी ओपीडी सुरू होते," असं म्हणत त्यांनी व्हरांड्यातल्या खुर्चीत अंग टेकलं आणि बाही वर सारली. विश्रामबागेतला तो बंगला सांगलीत सगळ्यांना ठाऊक होता. पूनम तिथं रक्त घ्यायला आली होती. शहरातल्या एका मोठ्या लॅबमध्ये ती बारा वर्षं तंत्रज्ञ होती आणि घरोघरी जाऊन नमुने घेणं हे तिचं रोजचं काम होतं. पण हा दंड वेगळा होता. अकरा महिन्यांपूर्वी याच बाईंनी तिचं पोट उघडलं होतं.

पिशवी काढावी लागली, याबद्दल पूनमची तक्रार नव्हती. गाठींमुळे महिन्यातले पंधरा दिवस अंगावरून जायचं, हिमोग्लोबिन सहावर आलं होतं. ऑपरेशन गरजेचंच होतं. पण दुसऱ्या दिवशी राऊंडला आलेल्या डॉक्टरीणबाई चालता चालता म्हणाल्या होत्या, "दोन्ही अंडाशयांतसुद्धा गाठी होत्या, तीही काढून टाकली. पुढची कटकट मिटली तुझी." तेव्हा पूनम अडतीस वर्षांची होती.

पहिले सहा आठवडे पोटपट्टा बांधून, भिंतीला धरून चालण्यात गेले. भरलेली बादली उचलायची नाही, जिना चढायचा नाही, खोकला आला तरी पोटाला उशी दाबून धरायची. जखम भरली. मग खरं दुखणं सुरू झालं. बाईची पाळी आपसूक जाते तेव्हा ती पाच-सात वर्षं घेत जाते. अंडाशयातून येणारा रस हळूहळू आटतो आणि शरीराला तेवढी सवय होत जाते. पूनमचा तो रस एका सकाळी बंद झाला. तो रस नुसता पाळीपुरता नव्हता, हे तिला त्यानंतर कळलं. हाडांना तो लागतो, झोपेला लागतो, कातडीला, आठवणीला लागतो. अंग किती तापू द्यायचं हे ठरवणारी मेंदूतली जागासुद्धा त्याच्यावरच चालते. भाजी मंडईत वांगी निवडताना छातीतून आगीचा लोळ उठायचा आणि मानेवरून घाम ओघळायचा. गाडी स्टँडला लावताना गुडघे करकरायचे. बारा वर्षं तोंडपाठ असलेल्या पेशंटची नावं ऐन वेळी जिभेवर यायची नाहीत. नवऱ्यानं जवळ घेतलं तर दुखायचं, आणि नाही घेतलं तर त्याहून दुखायचं. हार्मोनच्या गोळ्या सुरू केल्या, तर डोळ्यांपुढं वाकड्यातिकड्या उजेडाच्या रेघा यायला लागल्या. "तुम्हाला अर्धांगाचा धोका आहे, या बंद," असं फिजिशियननं सांगितलं. पुढं काहीच उपाय नव्हता.

आताही दंडाला पट्टा आवळताना तिच्या कपाळावर घाम फुटला. डॉक्टरीणबाईंनी वर पाहिलं.

"पाळी गेली वाटतं? वय काय?"

"एकोणचाळीस."

"लवकर गेली. रोज चालत जा, नाचणी खा. आणि मनावर घेऊ नकोस. बायका फार बाऊ करतात."

"मॅडम, माझं ऑपरेशन झालंय."

"अच्छा. हं, जरा जपून टोच."

कुणी केलं, कधी केलं, काही विचारलं नाही. पूनमनं सुई घातली. बाईंचं वय सत्तावन्न होतं. दंडाची कातडी मात्र पूनमपेक्षा तुकतुकीत होती. दंडाच्या आतल्या बाजूला टिकलीएवढा उंचवटा आणि एक बारीक पांढरी रेघ होती. ती वसंतपट्टी होती.

वसंतपट्टी बाजारात येऊन चार वर्षं झाली होती. तरुण बाईच्या अंडाशयाची कागदासारखी पातळ चकती घ्यायची, परकं काही दिसलं की शरीराचे पहारेकरी ज्या खुणेवरून ओळखतात ती खूण तिच्या पेशींतून पुसायची, आणि ती चकती दुसऱ्या बाईच्या दंडात कातडीखाली बसवायची. चकती तिथं रुजते, रस पाझरायला लागतो आणि पाळी जाण्याचे सगळे त्रास आठ-दहा वर्षं लांबणीवर पडतात. कायदा कडक होता. दात्रीनं नोंदणी अधिकाऱ्यासमोर स्वतः सही केली पाहिजे. एकच अंडाशय घेता येईल, दोन्ही नाही. म्हणून दात्री थोड्या होत्या आणि पट्टी श्रीमंतांनाच मिळत होती.

दर तीन महिन्यांनी पट्टी जिवंत आहे का, हे रक्तावरून बघायचं. आजवर बाई ती तपासणी बाहेरगावच्या लॅबमधून करून घेत; पूनमच्या लॅबकडं त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. पट्टीतल्या पेशी मरतात, नव्या येतात आणि मेलेल्या पेशींच्या डीएनएचे तुकडे रक्तात वाहत राहतात. यंत्र ते तुकडे वाचतं आणि बाईचे कोणते, पट्टीचे कोणते हे वेगळं करतं. खूण पुसलेली असली तरी बाकी सगळी लिपी दात्रीचीच राहते.

तिसऱ्या दिवशी मुजावर सरांनी पूनमला केबिनमध्ये बोलावलं. ते लॅबचे प्रमुख होते आणि शिस्तीबाहेर एक पाऊल टाकत नसत.

"कडेगावकर मॅडमचा नमुना दूषित झालाय. तुझ्यामुळं."

त्यांनी पडदा तिच्याकडं वळवला. 'नमुना दूषित. कर्मचारी क्र. ७.'

सातवा क्रमांक पूनमचा होता. लॅबमध्ये सगळ्यांचा डीएनए आधीच नोंदवून ठेवलेला असतो, कारण बोलताना उडालेला थुंकीचा कण किंवा हाताची सुटलेली कातडी नमुन्यात पडली तर ती ओळखता आली पाहिजे. परकं काही सापडलं की यंत्र पहिल्यांदा त्या यादीशी ताडून बघतं.

"सर, मी मास्क लावला होता."

"परत जा आणि परत घे. माफी माग."

ती परत गेली. दोन हातमोजे, दोन मास्क, वर चेहऱ्यापुढं काच. डॉक्टरीणबाईंनी दंड पुढं केला आणि मान दुसरीकडं वळवली. तीन दिवसांनी पडद्यावर पुन्हा तेच आलं. कर्मचारी क्र. ७.

या वेळी पूनमनं सर यायच्या आधी दोन्ही अहवाल शेजारी शेजारी ठेवले. परक्या डीएनएचं प्रमाण पहिल्यांदा हजारात आठ तुकडे होतं. दुसऱ्यांदाही हजारात आठच. थुंकी दोनदा उडाली तर दोन्हीदा सारखीच उडत नाही. आणि यंत्राला दुसरं कुणीच सापडलं नव्हतं. बाईंच्या दंडात पट्टी आहे, तर मग पट्टीवालीचे तुकडे कुठं गेले?

ते कुठंही गेले नव्हते. ते तिच्या पुढ्यातच होते.

पूनम उठून जिन्यात गेली आणि पायरीवर बसली. पहिल्यांदा तिला काय वाटलं, हे तिनं पुढं कुणालाच सांगितलं नाही: तिला आनंद झाला. आपलं काहीतरी जिवंत आहे. मग तो लोळ उठला, छातीतून मानेवर, मानेवरून कानांत. या वेळी तिनं पदरानं वारा घेतला नाही. जळू दिलं.

त्या संध्याकाळी माधवनगरच्या घरी तिनं कपाटातून ऑपरेशनची फाईल काढली. डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं: 'दोन्ही अंडाशय रोगट. जैविक कचऱ्यात नष्ट.' तिचा नवरा अभिनंदन ई-स्कूटर दुरुस्तीचं दुकान बंद करून नुकताच आला होता, हात धुत होता.

"अहो, माझं ऑपरेशन चालू असताना मॅडम बाहेर आल्या होत्या का?"

नळ चालूच राहिला.

"आल्या होत्या," तो शेवटी म्हणाला. "म्हणाल्या, दोन्हीकडं गाठी दिसतायत, आत्ताच काढते, सही करा. मी केली."

"एवढे महिने बोलला नाहीस?"

सोळा वर्षांच्या संसारात तिनं त्याला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं. तो वळला.

"घाबरलो होतो, पूनम. मला त्यातलं काय कळतं? डॉक्टर म्हणतात, तर..."

"मला भूल कमरेखालची दिली होती. मी जागी होते. त्या बाहेर गेल्या ते मी बघितलं. सिस्टर मला म्हणाली, मॅडमना फोन आलाय. दार उघडून मला विचारायला चार पावलं लागली असती. तुला चार पावलं जड झाली?"

तिनं दोन्ही अहवाल त्याच्यापुढं टाकले आणि समजावून सांगितलं. ऐकता ऐकता तो खाली बसला.

"पोलिसांत जाऊ. आत्ता जाऊ."

"जाऊन काय सांगायचं? माझ्याच लॅबचा कागद म्हणतो की मी घाण केली. त्यांना कुणकुण लागली की त्या दंड कापून घेतील आणि पट्टी गटारात टाकतील. आठ दिवसांत रक्त कोरं."

"मग?"

"मग ते त्यांनीच सिद्ध करायचं. स्वतःच्या सहीनं."

तिच्या आवाजानं अभिनंदन दचकला. पुढचे पंधरा दिवस त्यानं केलेला चहा तिनं घेतला, पण त्याच्या शेजारी बसून घेतला नाही.

तिसऱ्या खेपेला मुजावर सर दुसऱ्या कुणाला पाठवणार होते. पूनमनं "मला शेवटची संधी द्या सर," म्हणून ते काम मागून घेतलं. त्या दिवशी रक्ताबरोबर पट्टीचं इंजेक्शनही द्यायचं होतं. पुसलेली खूण पुन्हा उगवू नये म्हणून ते तीन महिन्यांनी द्यावं लागे. नाही दिलं तर पहारेकरी जागे होतात आणि पट्टी पंधरवड्यात मरते. व्हरांड्यात ट्रेवर पाठ करून पूनमनं ती कुपी हातात घेतली. शेजारीच सलाइनची कुपी होती, तशीच, तेवढीच. पाण्याचं इंजेक्शन द्यायचं आणि घरी जायचं. या बाईंना पंधरा दिवसांनी वांगी निवडताना घाम फुटू दे. किती सोपं होतं. तिचा हात सलाइनवर गेलाही. पण पट्टी मेली की सूड पंधरा दिवसांचा, आणि साक्षीदारही मेला. तिनं औषध भरलं. पूर्ण मात्रेचं, एक थेंब न सांडता. आणि आपल्याच मांसात सुई घालावी तशी अलगद घातली.

मग रक्ताच्या नळ्या ठेवता ठेवता तिनं तिरकस सूर लावला.

"मॅडम, राग मानू नका, पण आमचं काही चुकत नाहीये. पट्टीच हलकी असणार. एखाद्या पिकल्या बाईची बसवली असेल तुम्हाला."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा लाल झाला. "काय बोलतेस तू? मी स्वतः पाहून घेतलेली आहे ती! अशी पट्टी महाराष्ट्रात..." त्या थांबल्या. "नाव काय तुझं?"

"पूनम मगदूम."

"मगदूम. लक्षात ठेवते."

त्यांनी ते फोनमध्ये लिहूनही घेतलं. पूनम त्यांच्या तोंडाकडं बघत होती. कुठं काही हलतं का, पापणी तरी. नाही. नाव कानांवरून गेलं, बोटांतून गेलं, आणि बाईंना काही म्हणजे काही आठवलं नाही. गेटबाहेर येऊन गाडीला किल्ली लावताना पूनमच्या मनात पहिल्यांदाच दयेचा कणही उरला नव्हता.

तिसरा अहवालही तसाच आला आणि दोन दिवसांत तक्रार आली. चार पानी. लॅबला आणि त्यावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी आयोगाला. मागणी अशी होती: रक्त या कर्मचाऱ्याच्या अनुपस्थितीत, माझ्याच दवाखान्यात, चित्रीकरण करून घ्यावं; पुण्याच्या सरकारी प्रयोगशाळेत तपासावं; पूनम मगदूम यांच्या डीएनएशी ताडून त्यांचा निष्काळजीपणा कायमचा सिद्ध करावा आणि त्यांचा परवाना रद्द करावा. खाली झोकदार सही.

"तुला काही म्हणायचंय?" मुजावर सरांनी विचारलं. त्यांना वाईट वाटत होतं. बारा वर्षांत तिच्याविरुद्ध एक कागद आला नव्हता.

"नाही सर. मॅडम म्हणतात तसंच सगळं होऊ द्या. शब्दानं शब्द."

तिला निलंबित केलं गेलं. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात त्यांच्याच नर्सनं रक्त काढलं, कॅमेऱ्यासमोर नळ्या मोहोरबंद झाल्या, मोहरेवर बाईंनी आडवी सही केली. त्या दिवशी पूनम जयसिंगपूरला बहिणीच्या घरी होती आणि तिथल्या बँकेत, सोसायटीच्या कचेरीत, देवळात मुद्दाम चार माणसांना दिसेल अशी वावरली.

पुढचे एकोणीस दिवस वाईट गेले. काम नसलं की अंगाचा दाह दुप्पट जाणवतो. भावकीत कुजबूज झाली, की हिचा हल्ली तोल गेलाय. अभिनंदन दुकानातून दुपारी घरी यायला लागला. एकदा तो म्हणाला, "मी चुकलो. कोर्टात उभं राहून सांगीन." ती म्हणाली, "सांगावंच लागेल." पण आवाज मऊ झाला नाही.

विसाव्या दिवशी सकाळी मुजावर सर स्वतः घरी आले. खुर्चीवर बसले, पाणी मागितलं, आणि हातातला लिफाफा तसाच धरून म्हणाले, "पूनम, तू पुण्याला गेली होतीस?"

"नाही सर."

"नळीला कुणी हात लावला नाही. मोहर शाबूत होती. हजारात आठ तुकडे, आणि ते तुझे. तुझा डीएनए तिथं गेला कसा?"

पूनमनं फाईल त्यांच्यापुढं ठेवली. सरांनी डिस्चार्ज कार्ड एकदा वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं. 'जैविक कचऱ्यात नष्ट.' खालची सही आणि तक्रारीखालची सही एकाच हाताची होती.

"या अल्ला," ते पुटपुटले. मग उठले आणि म्हणाले, "हा अहवाल नियमाप्रमाणं आजच आयोगाकडं जातो. मी तो दाबणार नाही आणि त्यात मीठमसालाही घालणार नाही. हे कार्ड त्याच्याबरोबर जाईल."

"मला तेवढंच हवंय, सर."

चार दिवसांत दवाखान्याला सील लागलं. तीन वर्षांत तिथं पिशवी काढलेल्या एकतीस बायकांच्या कार्डांवर तेच वाक्य होतं. त्यांच्या पट्ट्या कुठल्या कुठल्या शहरांत गेल्या, याचा माग कागदोपत्री पुसलेला होता. हाती लागलेली पट्टी एकच, बाईंच्या दंडातली. हव्यासापायी सगळ्यात चांगली त्यांनी स्वतःसाठी ठेवली होती. न्यायालयाच्या आदेशानं ती काढली गेली आणि द्रवरूप नायट्रोजनच्या थंडाव्यात मोहोरबंद झाली.

तीन महिन्यांनी पहिल्या साक्षीच्या दिवशी पूनम आणि अभिनंदन सांगलीच्या कोर्टाच्या व्हरांड्यात बसले होते. डॉक्टरीणबाई जामिनावर होत्या. त्या वकिलांना मागं ठेवून एकट्याच पुढं आल्या. चेहरा उतरला होता, पांढरे केस मुळांपासून दिसत होते.

"पूनमताई, दोन मिनिटं बोलायचं होतं."

पूनम उठली नाही.

"ती पट्टी तुमचीच आहे. तुमच्या दंडात बसवली तर इंजेक्शनही लागणार नाही. नऊ-दहा वर्षं त्रास जाईल तुमचा. मी ना-हरकत लिहून देते, आजच. कोर्टाला विनंती तेवढी तुम्ही करा."

पूनमला त्यातली मेख ठाऊक होती. चकती एवढीशी, अर्धी कापली तर दोन्ही अर्ध्या मरतात. ती एक तर तिच्या दंडात जाईल, नाही तर पुरावा म्हणून राहील. फेरतपासणीला पट्टीच नसली, तर खटला एका अहवालावर लटकणार आणि त्या एकतीस बायकांचा तर त्याच्याशी संबंधच तुटणार.

बोलता बोलता बाईंचा चेहरा एकदम तांबडा झाला. मानेवर घाम दाटला. त्यांनी रुमाल काढला, हातातल्या कागदांनी वारा घ्यायचा प्रयत्न केला, आणि कोरड्या आवाजात म्हणाल्या, "हे... असं असतं?"

तीस वर्षं त्या स्त्रीरोगतज्ज्ञ होत्या; स्वतःला मात्र आधी गोळ्यांमुळं, मग पट्टीमुळं हे कधी सोसावं लागलं नव्हतं. पूनमनं त्यांना नीट न्याहाळलं, घाम कपाळावरून भुवईत उतरेपर्यंत. बाई परत गेल्या.

"घे ते, पूनम," अभिनंदन हलक्या आवाजात म्हणाला. "मी आत जाऊन सगळं सांगतो, माझ्या सहीचंसुद्धा. पण तू ते परत घे. रात्र रात्र जागी असतेस, मी बघतो ना."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं. पूनमला पट्टी हवी होती. तहानलेल्याला पाणी हवं असतं तशी. एक अख्खी झोप. कण्हल्याशिवाय जिना. मनातलं नाव जिभेवर. तिनं नवऱ्याच्या हातावर हात ठेवला, कितीतरी महिन्यांनी, आणि मग पुकारा झाला म्हणून काढून घेतला.

न्यायाधीशांसमोर वकिलांनी तोच प्रस्ताव मांडला, माणुसकीच्या नावानं. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं.

"मगदूमबाई, ही ऊती तुमची आहे. ती परत मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. अपिलं धरून खटल्याला सहा-सात वर्षं लागतील. तज्ज्ञ म्हणतात, फेरतपासणीसाठी ती एकदा वितळवली की तुमच्या उपयोगाची राहणार नाही. समजतंय ना?"

"समजतंय, साहेब. मी त्याच धंद्यातली आहे."

"मग काय करायचं?"

"राहू द्या तिथंच. सील करून."

"तुम्हाला त्रास होतो, असं कागदपत्रांत आहे."

"होतो. आत्ताही होतोय." घाम तिच्या हनुवटीवरून खाली टपकला आणि तिनं तो पुसला नाही. "पण मी बरं वाटावं म्हणून इथं आलेली नाही, साहेब. या बाईंना शिक्षा व्हावी म्हणून आलीये."

वकील काही बोलायला उठले. न्यायाधीशांनी त्यांना हातानं खाली बसवलं, कारकुनाला तिचे शब्द जसेच्या तसे घ्यायला सांगितले आणि म्हणाले, "हं, सांगा. ऑपरेशनच्या दिवसापासून."

"त्या दिवशी मी जागी होते," पूनम म्हणाली.